ढवळून घेतलेला नमुना

रंगकाकांना आयुष्यात एक गोष्ट चोख येत होती, ती म्हणजे बघणं. रंगाच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, कपाटाचं फळकूट घेऊन यायचं, आणि काका ते दारातल्या उजेडात धरून म्हणायचे, "यात पिवळा आहे, पण मातकट. काळा अगदी बोटभर. लाल नावाला." मग डबा उघडायचा, रंग घालायचे, ढवळायचं, आणि वाळल्यावर जोड कुठे आहे ते सुताराच्या बापालाही सापडायचं नाही. रंग जुळवणारं मशीन दुकानात आलं तेव्हा काका महिनाभर तोंड फुगवून बसले होते. शेवटी मालकानंच त्या मशीनवर कापड टाकलं.

अशा माणसाचं मूत्राशय काढून टाकावं लागलं, तर तो पिशवीकडे टक लावून बसणार नाही तर काय करणार?

गाठ वाईट होती, म्हणून अख्खं मूत्राशय गेलं. डॉक्टरांनी काकांच्याच आतड्याचा एक तुकडा घेऊन लघवीला नवी वाट करून दिली आणि त्या वाटेचं तोंड बेंबीच्या उजव्या बाजूला पोटावर काढलं. त्यावर पिशवी चिकटवायची. लघवी आपली थेंब थेंब त्यात साठत राहते, पिशवी भरत आली की खालची तोटी उघडून रिकामी करायची. "लागणं" हा प्रकारच काकांच्या आयुष्यातून उठला. सुरुवातीला ते यावर विनोद करायचे. लांबच्या प्रवासात सगळे गाडी थांबवायला सांगतात तेव्हा मी राजासारखा बसून असतो, म्हणायचे.

विनोद थांबले ते पहिल्या इन्फेक्शनला. अशी हुडहुडी भरली की पलंग वाजायला लागला. दवाखान्यात भरती झाले, सलाइन लागलं, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी काकूंनाही आत बोलावून घेतलं. "यांची डावी किडनी जन्मापासूनच लहान आहे. सगळा भार उजवीवर आहे, आणि ती या तापात सुजली होती. असं मोठं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा झालं तर उजवीही हातची जाईल. मग कायमचं डायलिसिस." काकूंनी मान डोलावली. काकांनीही डोलावली.

त्या दिवसापासून पहारा सुरू झाला. सकाळी उठलं की काका खिडकीशी उभे राहून पिशवी उजेडात बघायचे. आणि बघावं तर रोज काहीतरी असायचंच. पांढरे धागे तरंगताहेत, तळाशी गढूळ काहीतरी बसलंय. लगेच नमुना बाटलीत आणि बाटली लॅबमध्ये. रिपोर्ट यायचा, जंतूच जंतू. कोपऱ्यावरचे डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे. गोळ्या संपायच्या, धागे मात्र तसेच. पुन्हा बाटली, पुन्हा जंतू, पुन्हा दुसऱ्या गोळ्या. गोळ्यांनी तोंडाची चव गेली, पोट बिघडलं, आणि डोक्याचा पार भुगा झाला, कारण कुणाचं कुणाशी जुळेना. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणत, ताप नाही तर गोळी नको. कोपऱ्यावरचे म्हणत, एवढे जंतू दिसताहेत आणि गोळी नको कशी? परगावची लेक फोनवर तिसरंच काहीतरी वाचून दाखवायची.

"मला एक सांग," काका काकूंना विचारत, "मी आजारी आहे की नाही?"

"तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला बरं वाटतंय. पण रिपोर्ट वाईट आहे."

"मग?"

"तेच तर विचारतोय ना."

काकू हात जोडायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या.

शेवटी मोठ्या दवाखान्यात पिशवीवाल्या सिस्टरकडे पाठवणी झाली. बाईंचं खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण दिवसभर फक्त पोटावर पिशवी असलेले पेशंट बघायच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. बुटक्या, चष्मा डोक्यावर ढकललेला, आवाज असा की बाहेरच्या बाकावरच्यांना आपला आजार आपोआप कळावा. त्यांनी रिपोर्टांची चळत चाळली आणि विचारलं, "काका, नमुना कसा घेता? मला करून दाखवा."

काकांना हा प्रश्न आवडला. आजवर कुणी विचारलाच नव्हता. ते खुर्चीत पुढे सरकले. "सकाळी पिशवी अशी दोन्ही हातांत धरायची. आधी चांगली हलवायची. मग बोटांनी खालून चोळायची, म्हणजे तळाचं सगळं वर येतं. मग तोटी उघडून बाटलीत."

सिस्टर बघतच राहिल्या. "हलवायची?"

"हलवायला नको? अहो, डबा ढवळल्याशिवाय माल कळतो का? वरवरचं पातळ घेतलं तर नमुना खोटा येतो. माझं आयुष्य गेलंय यात."

"आणि ही पिशवी किती जुनी?"

"परवाची. ऑपरेशननंतर इथेच सांगितलं होतं ना, तीन दिवस चालते."

सिस्टरांनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. काकूंना वाटलं, आता या ओरडणार. पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काका, पिशवीत जंतू असणारच. परवाची पिशवी, तीही तळापासून ढवळलेली. इतके महिने तुम्ही आजार तपासलात पिशवीचा आणि गोळ्या खाल्ल्यात स्वतः."

मग त्यांनी सगळं समजावलं. नमुना पिशवीतून घ्यायचाच नाही. पिशवी काढायची, पोटावरचं तोंड स्वच्छ करायचं, आणि नवी नळी आत घालून ताजी लघवी घ्यायची. तेही दवाखान्यात, आणि त्रास असेल तरच. आतड्याच्या वाटेत थोडे जंतू कायम राहणार, त्यांच्या वाटेला जायचं नाही. आणि धागे? "आतड्याचं कामच चिकट पाणी सोडायचं. त्याला कुणी सांगितलंय थोडंच, की तुझी बदली झालीय म्हणून? ते आपलं जुनंच काम करतंय." काकू खुदकन हसल्या. काका हसले नाहीत. "उगाच खाल्लेल्या गोळ्यांना जंतू सरावतात, काका. खरी गरज पडेल तेव्हा त्या चालणार नाहीत. यापुढे रिपोर्ट नाही, पिशवी नाही, माणूस बघायचा. ताप, थंडी, कुशीत दुखणं, उलट्या, बोलण्यावागण्यात फरक. यातलं काही झालं तर त्याच घटकेला यायचं. एरवी पाणी प्यायचं आणि कामाला जायचं."

 घरी येऊन जिना चढताना काका म्हणाले, "म्हणजे मी आजारी नव्हतोच?"

"पहिल्यांदा होतात."

"आणि नंतर?"

"नंतर पिशवी होती," काकू म्हणाल्या, आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं.

काकांना ते लागलं. जन्मभर ज्या डोळ्यांवर जगलो त्यांनीच आपल्याला तोंडघशी पाडलं, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी काकूंकडून कबूल करून घेतलं, की ताप असल्याशिवाय घरात दवाखान्याचं नाव काढायचं नाही. काकूंनी आनंदानं कबूल केलं. त्याही पिशव्या बघून विटल्या होत्या.

पुढचे काही आठवडे बरे गेले. काका तांब्यामागून तांब्या पाणी पीत. पिशवी इतकी निवळ झाली की बघत राहावं. सिस्टरांनी बघू नका सांगितलं होतं, पण सवय म्हणून काही चीज असते. ते गुपचूप बघायचे आणि खूश व्हायचे.

एका सकाळी अंग जड होतं. झोप लागली नसेल, म्हणून ते तसेच दुकानात गेले. एक सुतार जुन्या कपाटाचा खण घेऊन आला होता. राखाडीकडे झुकणारा हिरवा. अगदी डाव्या हाताचं काम. काकांनी डबा उघडला, हिरवा घातला, आणि पुढचं काय ते त्यांना आठवेना. आठवेना असंही नाही. आठवत होतं, पण हातात येईपर्यंत निसटत होतं. त्यांनी निळा घातला. मग बहुतेक पुन्हा निळा घातला. डबा कशानं तरी ढवळायचा असतो. त्या काठीला एक शब्द होता, रोजचा, आणि तो शब्द जागेवर नव्हता.

"काका, हा निळा झालाय," सुतार म्हणाला.

"वाळला की उतरेल."

"वाळून निळ्याचा हिरवा होतो होय?"

काकांना या माणसाचं नवल वाटलं. कोण हा? खण घेऊन का उभा आहे? "पिशवीतून घेऊ नका," ते त्याला समजुतीनं म्हणाले, "नळीतून घ्या. ताजा." सुतारानं मालकाकडे बघितलं. मालक गल्ला सोडून सहसा उठत नसे. तो उठून आला, डब्यात डोकावला, आणि फोन घेऊन बाहेर गेला.

काहीतरी बिघडलंय एवढं काकांना कळत होतं. काय ते कळेना. ते मागच्या संडासात गेले, शर्ट वर केला आणि पिशवी बघितली. पाण्यासारखी नितळ. एक धागा नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपण ठीक आहोत. मग हे सगळे असे का बघताहेत?

बाहेर आले तर काकू उभ्या होत्या, घरातल्याच चपला घालून. त्यांनी कपाळाला हात लावला. "फार गरम नाही लागत. थंडी वाजतेय?"

"नाही. थोडी."

काकूंनी मालकाकडे बघितलं, मग काकांकडे, आणि चाचरत म्हणाल्या, "मी म्हणत होते, एकदा दवाखान्यात जाऊन येऊ या का? शब्द दिलाय मी, ठाऊक आहे. पण."

"चल," काका म्हणाले, आणि दाराकडे निघाले.

काकूंचा चेहरा एकदम उतरला. काकांना हे मुळीच कळलं नाही. तिच्या मनासारखं केलं, लगेच केलं, तरी ही अशी काय बघते? रिक्षात त्या त्यांचं मनगट घट्ट धरून बसल्या आणि रडायला लागल्या. काकांनी खूप विचार केला. आपण हिला काही बोललो का? त्यांनी माफी मागायचं ठरवलं, पण कशाबद्दल ते सापडेपर्यंत दवाखाना आला होता.

ताप चढायचा होता तो पोचल्यावर तासाभरात चढला. इन्फेक्शन रक्तात उतरलं होतं. नळीतून ताजा नमुना घेतला, आणि या खेपेला रिपोर्ट खरा आला. आधी खाल्लेल्या बहुतेक गोळ्या या जंतूंवर चालणार नव्हत्या. एक इंजेक्शन चालत होतं, ते सुरू झालं. उजवी किडनी दोन दिवस रुसून बसली, मग हळूहळू वळणावर आली. "थोडा उशीर झाला असता तर गेली असती," डॉक्टर काकूंना म्हणाले. "ताप नसताना तुम्हाला कळलं कसं?"

काका जागे होते. त्यांनाही हेच विचारायचं होतं.

"मी दवाखान्यात चला म्हटलं आणि हे चल म्हणाले," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून माझं पहिलं वाक्य यांनी कधी ऐकलेलं नाही. नाही म्हणणार, मग मला शहाणपण शिकवणार, मग येणार. हे लगेच चल म्हणाले तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, हा माझा माणूस नाही."

डॉक्टर हसले. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

घरी आल्यावर काकूंनी नवा नेम लावून घेतला. सकाळी चहाचा कप पुढे ठेवायच्या आणि विचारायच्या, "दवाखान्यात जाऊ या?" काका करवादायचे, "काय वेड लागलंय का तुला? सकाळी सकाळी दुसरं काही सुचत नाही?" की काकू समाधानानं आपला चहा प्यायला बसायच्या. काका एकदा म्हणाले, "मला भांडायला लावतेस आणि वर हसतेस." त्या म्हणाल्या, "भांडा हो. कानाला बरं वाटतं."

मग एक सकाळ अशी आली, की काका उठले आणि उजवी कूस दुखत होती. आदल्या दिवशी मोठा डबा उचलला होता, त्याचं असेल. नसेलही. अंगात कसकस होती, किंवा नुसता आळस होता. पिशवीकडे बघून उपयोग नव्हता. धागे होते, आणि धाग्यांना काही अर्थ नव्हता. डोकं ठिकाणावर आहे का, हे डोक्यालाच विचारायचं, आणि ते काय सांगणार?

काकूंनी कप ठेवला. "दवाखान्यात जाऊ या?"

रोजचं उत्तर जिभेवर तयार होतं. ते म्हटलं असतं तर काकू हसल्या असत्या, दिवस सुरू झाला असता. काकांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की हिला फसवणं किती सोपं आहे. ती नुसत्या आवाजावर विसंबून उभी आहे.

"मला कळत नाही गं," ते म्हणाले.

दुकानात उभ्या जन्मात हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. काकू हसल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. त्या शेजारी बसल्या. "मलाही नाही कळत," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा." आणि त्यांनी थर्मामीटर जिभेखाली ठेवला. दोघं वाट बघत बसले. चहावर साय धरली.

थर्मामीटर वाजला. काकांनी तो तोंडातून काढला, आणि न बघताच तिच्या हातात दिला.

"तू बघ," ते म्हणाले.