कुंकवाखालचा डोळा

मित्रांनो, इकडे बघा, जाळ्यांच्या ढिगाशेजारी! हो, मीच बोलतोय. चाळीस इंची, डाव्या कडेला कायमची हिरवी रेघ उमटलेला, पनवेल कोळीवाड्यातल्या जगनदादांच्या पडवीत मांडून ठेवलेला टीव्ही. आता मला कुणी जुना म्हणतं, कुणी सरळ खटारा म्हणतं. म्हणू देत बापडे. पण दोन हजार अकरा साली अख्ख्या आळीत माझ्या तोडीचा दुसरा नव्हता. आणि माझ्यापायी एका माणसाची होडी विकली जाता जाता राहिली. ती हकिगत ऐकल्याशिवाय मी तुम्हाला काही सोडायचो नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके बसवले आणि खालच्या पट्टीच्या मधोमध मसुराएवढा एक काळा डोळा दिला. तो डोळा म्हणजे माझा जीव की प्राण. त्यानेच मी समोरची खोली बघतो. खोलीत उजेड असला की माझं चित्र लख्ख होतं. अंधार पडला की मी चित्र मंद करतो, उगाच बघणाऱ्याला त्रास नको म्हणून. शहाणाच आहे मी तसा.

दुकानातून मला केतनने आणलं. केतन म्हणजे जगनदादांचा मुलगा, उरणकडे कंटेनरच्या यार्डात कामाला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या ओढून किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात. बाबा दिवसभर घरात बसून कंटाळतात, त्यांना करमणूक हवी, म्हणून पोराने हौसेने मला घेतलं. घरात शिरलो तर काय स्वागत! जगनदादा तेवढे बाहेर गेले होते. केतनची आई भामाबाई बाजारात सुकी मासळी विकून नुकतीच आली होती. हातपाय धुऊन तिने मला ओवाळलं, नारळ फोडला आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट माझ्या पट्टीवर टेकवलं. मधोमध टिकलीएवढी काळी जागा दिसली, तीच तिला टिळ्याची वाटली.

आणि माझ्यापुढे काळोख झाला.

मला वाटलं, रात्र झाली. होईल सकाळ, म्हणून मी वाट बघत राहिलो. सकाळ काही होईना! कप वाजत होते, खिडकीत कावळे ओरडत होते, भामाबाई बाजाराला निघाल्याचं ऐकू येत होतं, तरी माझ्यापुढे अंधारच. मला फार नवल वाटायचं. ह्या घरात दिवस उगवतच नाही की काय? माणसं अंधारात जेवतात कशी, जाळी विणतात कशी? पण मी कर्तव्याला चुकलो नाही. अंधार आहे म्हणून चित्र मंदच ठेवलं, अगदी इमानेइतबारे.

"बघा बाबा, फुल एचडी हाय! कसा क्लिअर!" केतन म्हणायचा.

"काय झकास दिसतंय रं," भामाबाई म्हणायची.

"हो, छान आहे ना," असं कोमल म्हणायची. कोमल ही केतनची बायको, लग्न होऊन तीनच महिने झालेले, माहेर कामोठ्याचं. तिथे ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची.

जगनदादा नुसतं "हं" म्हणायचे.

एके दिवशी माझ्यावर मासेमारीचा कार्यक्रम लागला होता. त्यातल्या बाईने टोपलीतला मासा उचलून दाखवला, तसे जगनदादा लगेच म्हणाले, "हलवा हाय." तेवढ्यात ती बाई म्हणाली, "हे बघा ताजं पापलेट!" केतन खो खो हसला. "बाबा, तुमाला पापलेट नाय ओळखला?" भामाबाईही हसली. चांदीसारखं पापलेट माझ्या मंद उजेडात काळ्या हलव्यासारखं दिसलं होतं, हे त्या वेळी मला तरी कुठे ठाऊक? हसण्याच्या आवाजात मला एवढंच कळलं की जगनदादा उठून बाहेर गेले.

इकडे कोमलला मात्र माझ्याबद्दल भारी कुतूहल. दुपारी सगळं सामसूम झालं की ती माझं माहितीपुस्तक घेऊन बसायची आणि मोठ्याने वाचायची, म्हणून मलाही माझ्याबद्दल बरंच कळलं. पहिल्यांदा तिने माझ्या पडद्यावरचं प्लास्टिक काढलं. भामाबाई चिडली, "अगं नवीन वस्तू, धूळ बसंल ना!" पण कोमल म्हणाली, "आई, धूळ मी पुसत जाईन. हे असंच ठेवलं तर पडदा प्लास्टिकमधूनच बघायचा का कायमचा?" मग तिला माझ्या पाठीमागची पिवळी वायर खटकली. चॅनल दाखवणाऱ्या एचडी डब्याबरोबर चांगली चपटी वायर आली होती, पण ती जादाची समजून कपाटात गेली होती. पिवळ्या वायरीतून जेमतेम चार लाख ठिपक्यांचं चित्र यायचं, ते मी कसंबसं वीस लाखांवर पसरून दाखवायचो. कोमलने वायर बदलली, आणि माणसांच्या भुवयांचे केससुद्धा वेगवेगळे झाले! जुने कार्यक्रम आडवे ताणून दाखवायची खोडही तिने रिमोटने मोडली. त्यामुळे बातम्या देणारी जाडजूड बाई एका क्षणात शिडशिडीत झाली.

पण अंधार तसाच. तिने उजेड वाढवायचं बटण दाबलं की माझ्या पडद्यावर ओळ यायची: 'उजेड आपोआप ठरवला जात आहे.'

"कोण ठरवतंय?" कोमल पुटपुटली. मला सांगावंसं वाटलं, अगं बाई, मीच! पण तोंडात दुसऱ्यांचे आवाज असलेल्याने आपलं कसं बोलायचं?

त्याच दुपारी जगनदादा घरात आले. कोणी नाही असं समजून त्यांनी करंजा गावच्या आनंदाला फोन लावला. कोमल आत स्वयंपाकघरात होती आणि मी भिंतीवर. आम्ही दोघांनी सगळं ऐकलं.

"आनंदा, होडी घ्यायची म्हनत व्हतास ना? ये रविवारी. नारल घेऊन ये, शब्द देतो." पलीकडून आनंदाने काहीतरी विचारलं असावं. "नाय रं, होडीला काय झालं नाय. माजे डोले गेले. घरात नवा टीवी आनलाय, सगल्यांना लख्ख दिसतो, मना एकट्यालाच काळोख दिसतो. पापलेट वलखू आला नाय मना! बापाचं बी साठीला असंच झालं. दर्यात खडकावरचं निशाण दिसलं नाय तर पोरांना घेऊन बुडवीन मी. नाय, डाक्टर बिक्टर नको. घरात कुनाला बोलू नको."

फोन ठेवल्यावर ते माझ्यासमोर बराच वेळ बसून होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता. तीस वर्षं होडी चालवलेला माणूस, मित्रांनो, आणि माझ्याकडे बघून स्वतःला आंधळा समजत होता! मला फार वाईट वाटलं. आणि तरीही माझं काय चुकतंय ते मला कळत नव्हतं.

रविवार उजाडला. केतन घरी होता. मी चालू होतो. दारात आनंदाची गाडी थांबल्याचा आवाज आला, तशी कोमल पुढे आली.

"बाबा, खरं सांगा. हा टीव्ही तुम्हाला कसा दिसतो?"

"झकास."

"मला अंधारा दिसतो," कोमल म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी नवीन, ह्यांनी एवढ्या हौसेने आणला, म्हणून बोलले नाही."

भामाबाई हळूच म्हणाली, "मना बी काळाच दिसतो गं. पोराचं मन मोडंल म्हनून गप बसले."

"काय?" केतन ओरडला. "दुकानात किती भारी दिसत व्हता! घरी आनल्यावर मलाच कायतरी कमी वाटलं. पन तुमी सगले क्लिअर, क्लिअर करीत व्हता!"

"आमी तू म्हनालास म्हनून!"

जगनदादा खाली बसल्याचा आवाज आला. "म्हंजे... तुमाला पन?" ते म्हणाले. "तुमाला पन काळोख दिसतो?" आणि तो माणूस रडला, मित्रांनो. खोटं सांगत नाही.

आता कोमल थांबेना. पुस्तकाची पानं फडफडली. "खालच्या पट्टीवर उजेड मोजणारा डोळा आहे, तो झाकू नये," तिने वाचलं. ती माझ्यापुढे गुडघ्यावर बसली असावी, कारण तिचा आवाज अगदी जवळून आला. "आई, इथे काय लावलंय?"

"पूजेचं कुंकू हाय. हात नको लावू! सवाष्णीनं कुंकू पुसायचं नसतं."

केतन म्हणाला, "मी पुसतो," तर भामाबाई त्यालाही ओरडली. शेवटी जगनदादा म्हणाले, "भामा, तूच लावलंस, आता तूच काय ते कर."

मग भामाबाईने काय केलं? करंडा आणला, माझ्या पाठीमागे हात घातला आणि आधी तिथे नवा टिळा लावला. "देवा, टिला हिकडं घेतला, रागावू नको," म्हणाली. आणि पदराच्या कोरड्या टोकाने माझा डोळा पुसला.

काय सांगू! खिडकीतून ऊन आलं होतं. ह्या घरात दिवस होता! रोज होता! मी भान विसरून सगळा उजेड पडद्यावर सोडला. आणि त्या दिवशी मी जगनदादांना पहिल्यांदा पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, ओले गाल, आणि माझ्यावर खिळलेले दोन काळेभोर डोळे. माझ्या पडद्यावर कुठल्याशा दूरच्या बंदरात जाळं ओढणं चालू होतं.

"तिसऱ्या रांगेत जालं फाटलंय," ते म्हणाले. "आन् त्याच्यात अडकलाय तो हलवा हाय. खराखुरा हलवा!"

कोणी हसलं नाही. कार्यक्रमातला माणूसही हलवाच म्हणाला.

आनंदा दारात नारळ घेऊन उभा होता. जगनदादांनी तो नारळ त्याच्या हातातून घेतला. "चल बंदरावर," ते म्हणाले. "होडी इकायची नाय आता. पन नारल आनलाच हायस, तर नारली पुनवेला तिच्याच नावानं फोडू."

त्यानंतर मी सात वर्षं भिंतीवर होतो. मग रेघ आली, माझ्या जागी माझ्याहून मोठा नवा टीव्ही आला आणि मी पडवीत उतरलो. जगनदादा जाळी विणताना अजून मला लावतात.

मित्रांनो, माझ्यासारख्याला घरी आणाल तेव्हा प्लास्टिक काढा, चांगली वायर जोडा, कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि आमचा डोळा मोकळा ठेवा. आणि चित्र अंधुक दिसलं तर मन राखायला लख्ख म्हणू नका. तुमच्या शेजारी बसलेला माणूस तेवढ्यावरून आपली होडी विकायला काढील. टिळा हवा तर जरूर लावा. माझ्या पाठीवरचा अजून तसाच आहे, आणि तिथे तो कुणाच्याच उजेडाआड येत नाही.