वीज जवळचा रस्ता धरते

"मंग झाडाखाली काहून नाई थांबाचं, बाई?" चौथीतल्या स्नेहाने विचारलं.

रत्नमालाबाईंनी फळ्यावर ढग काढला, खाली बाभूळ, बाभळीखाली माणूस. "वीज आळशी असते. खाली याले जवळचा रस्ता धरते. झाड उंच, म्हणून झाडावर पडते अन् उतरता उतरता बाजूच्या माणसात घुसते. घर जवळ नसन तं झाडापासून दूर, पाय जोडून उकिडवं बसाचं."

जऊळक्याजवळच्या त्या शाळेत बाई कित्येक वर्षं शिकवत होत्या. दव कुठून येतं, हवा भरताना पंप का तापतो, सगळं पोरांच्याच बोलीत. पोरांचे डोळे चमकले की त्यांचा दिवस सार्थकी लागे.

त्या रविवारी स्नेहा आईसोबत सोयाबीन सोंगायला गेली. दुपारी आभाळ भरून आलं, कडकडाट सुरू झाला. बाया बाभळीखाली धावल्या.

"माय, झाडाखाली नको! बाईनं सांगतलं!"

"भिजशीन. चाल गुपचूप," म्हणत आईने, रुख्मिणीने, तिलाच ओढलं. पोरीने हात हिसकून घेतला आणि पळत जाऊन मोकळ्या रानात डोळे मिटून उकिडवी बसली. वीज कोसळली. तिने डोळे उघडले तेव्हा बाभळीखाली दोन बाया पडल्या होत्या. त्यातली कमलीबाई दवाखान्यातून घरी परतली. रुख्मिणी जागीच गेली होती.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या तरी स्नेहा शाळेत आली नाही, तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. आजी, तुळसाबाई, ओट्यावर बसली होती.

"मायचा हात सोडून पयाली पोरगी," ती म्हणाली.

"पयाली म्हणून वाचली, आजी. तिनं बरोबर केलं."

"असन. पण गाव तिले काय म्हणते, थे आयकलं का तुमी?"

बाईंनी ऐकलं होतं.

स्नेहा दारात येऊन उभी राहिली. "बाई, मी मायले सांगतलं व्हतं."

"मले माहीत हाय, बेटा."

"मोठ्या माणसाइनं आयकलं नाई तं काय करा लागते, हे काहून नाई शिकवलं?"

आवाजात राग नव्हता. वर्गात विचारायची, तसंच तिने विचारलं होतं. रुख्मिणी रोज फाटकापर्यंत पोरीला सोडायला यायची. हजेरीपलीकडे तिच्याशी आपण कधी बोललोच नाही, हे बाईंना त्या ओट्यावर उमगलं.

"उद्या शाळेत ये," त्या कशाबशा म्हणाल्या.

"भाकरी कोण करन?"

शेतात बाया साडीवर घालतात तसला मोठा सदरा तिच्या अंगात होता. रुख्मिणीचा. बोटांखाली लोंबणाऱ्या बाह्या मागे सारून ती चुलीपुढे बसली आणि परातीत पीठ काढू लागली.