जैनबच्या नावाने गेलेली पत्रिका

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. मी कोणाचा, असं विचाराल तर माझाच गोंधळ उडतो. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत मला अजून 'जैनबचा फोन' म्हणतात. पण जैनब आता नाही.

कुठल्या कारखान्यात झालो ते आठवत नाही. जाग आली ती तिच्या हातात. तिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून कराडच्या बहिणीला, समीनाला, ती बोलूनच निरोप पाठवायची. गिऱ्हाइकांचे नंबर, लग्नाची बोलावणी, सगळं माझ्यात. तिचा नवरा इलियास तानपुरे बनवतो. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. मला तो हातही लावत नसे.

ती गेली आणि मी कपाटात पडलो. मग एका दुपारी इलियासने मला बाहेर काढलं. तिचे निरोप लावायला तेवढं शिकला. रोज जेवणाआधी तिचा आवाज ऐकायचा. माणूस नाही आणि आवाज आहे, हे मला कधी उमगलं नाही.

दुःखाच्या घराला कोणी लग्नाचं बोलावणं धाडत नाही. बोलावणी बंदच झाली होती. अशात पाटणच्या लालासाहेबांच्या नंबरावरून एक पत्रिका आली. जुनं गिऱ्हाईक, भजनी मंडळाला तानपुरा नेलेलं. इलियासचा चेहरा उजळला. "लालासाहेबानं आठवण ठेवली म्हणायची!"

त्याने पत्रिकेवर बोट ठेवलं. मी विचारलं, हे बाहेरचं ॲप आहे, घेऊ का? तुमचे निरोप याला वाचू देऊ का? त्याला वाटलं, पत्रिका उघडायची हीच रीत. त्याने 'हो' दाबलं.

पत्रिका काही उघडली नाही. उलट माझ्या आत कोणी तरी शिरलं. कोणी हात लावत नव्हतं, तरी मी पत्रिका पाठवत होतो. सगळ्यांना. जैनबच्या नावाने!

बटणांचा फोन वाजला. समीना रडत होती. "दाजी, जैनबआपाच्या नावानं लग्नाची पत्रिका आलीय. ही काय थट्टा हाय?"

"मी कुठं काय केलं गं? मला लालासाहेबाची आली."

"त्यांना इचारलं व्हतं का? तानपुऱ्याचा भोपळा घेताना दहादा वाजवून बघता, आणि हे न वाजवताच घेतलंत?"

इलियासने लालासाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आवं, माझी पोरगी अजून शाळेत हाय! माझ्याबी फोनात कुणीतरी शिरलंय."

मला मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दिग्विजयच्या दुकानात नेलं. त्याने आधी माझं सिम काढलं, बँकेला आणि फोनवरच्या फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या सरकारी नंबरावर इलियासला कळवायला लावलं. पत्रिका गेलेल्या सगळ्यांना कळवलं, जैनबच्या नावाने आलेलं काही उघडू नका. मग म्हणाला, "चाचा, हा पुसून कोरा करावा लागंल. आतलं उतरवून घ्यायला माझ्या कॉम्प्युटरला जोडायचं म्हटलं तर मी धजत न्हाई."

"आन् तिचा आवाज?"

दिग्विजयने मला त्याच्यापुढे सरकवलं. इलियासने मला दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाला, "पूस. तिच्या नावानं आणखी कुणी फसायला नको."

मी कोरा झालो, मित्रांनो, आणि सिम परत बसलं. जैनब कोण, तेही विसरलो असतो, पण गल्ली मला तिच्याच नावाने ओळखत राहिली. इलियास रोज दुपारी मला हातात घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि ठेवून द्यायचा. जेवायचं राहूनच जायचं.

मग एक दिवस समीनाच्या नंबरावरून निरोप आला. इलियासचं बोट पुढे आलं आणि थांबलं. त्याने बटणांचा फोन उचलला.

"समीना, तूच धाडलंस न्हवं?"

"व्हय दाजी, मीच. आपानं मला पाठवलेलं सगळं माझ्याकडं हाय की. ऐका आता."

त्याने बोट ठेवलं. आवाज आला, "समीना, तुझे दाजी अजून जेवले न्हाईत गं. भोपळाच वाजवत बसलेत."

इलियास उठला आणि हात धुवायला गेला.

मित्रांनो, खरं कोणतं आणि खोटं कोणतं, मला अजून कळत नाही. ओळखीच्या नावाने काहीही येतं आणि मी ते तुमच्यापुढे ठेवतो. मी काही विचारलं तर घाईने 'हो' म्हणू नका. ज्याच्या नावाने आलंय त्याला आधी फोन लावा. त्याचा आवाज ऐका, मगच बोट ठेवा.