रानातल्या तळ्यावरचे रविवार

श्यामकांत गेले त्याला तीन महिने होत आले होते. एक दिवस आवळ्यांची पाटी घेऊन एक ठाकरीण अंबरनाथच्या त्यांच्या बिऱ्हाडाच्या दारात उभी राहिली. पाटी न उतरवताच तिने विचारलं, "सायब बरं हायेत ना? लई दिस तल्यावर आलं नायत."

पद्मजाबाईंना कळेचना. कुठलं तळं?

श्यामकांत कारखान्यात फोरमन होते. महिन्यातल्या एखाद्या रविवारी ते सकाळच्या गाडीने बदलापूरला जात आणि दिवेलागणीला परतत. कुठे जाता, असं पद्मजाबाईंनी सहा वर्षांत विचारलं नव्हतं. दोघांत बोलणं उरलंच नव्हतं. ताट वाढलंय, पाणी तापलंय, किल्ली फडताळात आहे, एवढंच.

त्यांची एकुलती एक मुलगी कुंदा सहा वर्षांपूर्वी घटसर्पाने गेली, तेव्हा नऊ वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, "एक दिवस आधी आणली असती तर..." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत पद्मजाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ह्यांना कामापुढे सवड कुठे होती!" श्यामकांत काहीच बोलले नाहीत. रडलेही नाहीत. चौथ्या दिवशी कामावर हजर झाले. मग सासरमाहेरची माणसंही तेच म्हणू लागली. कल्याणच्या थोरल्या दिरांनी, आण्णांनी, तर भावाच्या घरी येणंच सोडलं.

"ते गेले गं," पद्मजाबाई म्हणाल्या. "भाद्रपदात. कामावरच छातीत कळ आली."

बाईने डोक्यावरची पाटी पायरीवर उतरवली. तिचं नाव जिवली. ती म्हणाली, "सायबानीच पत्ता दिलता. म्हनलं, आवळं निघालं का घरी दे. बायला मोरावळा लागतो."

पद्मजाबाईंनी पाटी आत घेतली. "मला दाखवशील ते तळं?"

रविवारी दोघी बदलापूरला उतरल्या. कापणी झालेल्या खाचरांतून वाट जिवलीच्या वाडीवर गेली आणि तिथून रानात शिरली. चढण दोन तासांची होती. पद्मजाबाई दर थोड्या वेळाने थांबत, झाडाला हात टेकवून दम खात. जिवली घाई करत नव्हती.

मग ऐनाच्या झाडांची दाटी एकदम संपली आणि खाली पाणी दिसलं. कुणी बांधलेलं नव्हतं ते. डोंगरांच्या कुशीत आपोआप साठलेलं. चारी बाजूंनी रान अगदी काठापर्यंत आलेलं. एक पाणकोंबडी पिल्लांना घेऊन लव्हाळ्यात शिरली, तेवढीच काय ती हालचाल. वाडीची चारदोन माणसं सोडली तर इथे कुणी येत नाही, असं जिवली म्हणाली. तिने एक सपाट खडक दाखवला.

"हितं बसायचं सायब."

"काय करायचे?"

जिवली घुटमळली. "रडायचं, बाय. मोट्यानं. पयल्यांदा मी आन् माजा दादला भ्यालोच. वाटलं, जनावरानं धरला मानसाला. मंग सवय झाली. सायब आलं का आमी गुरा दुसऱ्या अंगाला न्यायचो. रडून झालं का पोरीसंगं बोलत बसायचं. साळंतलं विचारायचं तिला."

पद्मजाबाई खडकावर बसल्या. "आणि माझं? माझ्याबद्दल काही बोलायचे?"

"एकदाच मी इचारलं, बायला आनत नाय का वो? तर म्हनलं, ती रागवलीय. रागवू दे, तेवढ्यावरच ती उभी हाय."

पद्मजाबाईंच्या तोंडून असा काही आवाज निघाला की जिवली दचकून जवळ सरकली. पण ते रडणं नव्हतं. त्या बोलू पाहत होत्या.

"जिवली, कुंदाला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ह्यांनी विचारलं होतं. घसा लाल दिसतोय, डॉक्टरला बोलावू का? मीच नको म्हणाले. म्हटलं, पडसं आहे, मी काढा देते, तुम्ही जा कामावर. मी अडवलं त्यांना. आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर..."

"सायबाला म्हाईत व्हतं?"

"त्यांनाच तर माहीत होतं. आम्हा दोघांनाच. सहा वर्षांत एकदासुद्धा बोलले नाहीत गं. मला नाही आणि आण्णांनाही नाही."

जिवली पद्मजाबाईंच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. ऊन खडकावरून उतरून पाण्यावर गेलं, तेव्हा तिने त्यांना दंडाला धरून उठवलं.

दुसऱ्याच दिवशी पद्मजाबाई कल्याणला गेल्या. आण्णा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी बसायला सांगितलं, तरी त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच, काही न गाळता, सगळं सांगितलं.

आण्णांनी चष्मा काढला. "मी त्याला पोरीचा जीव घेणारा म्हणालो होतो," ते म्हणाले. "तोंडावर म्हणालो होतो. त्याने मान खाली घातली." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मी माझ्या भावाच्या मयतालाच गेलो, पद्मजा. त्याआधी गेलोच नाही."

ते उठले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. जाऊबाई चहाचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि कुणाला द्यावा ते न कळून तशाच उभ्या राहिल्या.

आण्णा त्यानंतर पद्मजाबाईंशी कधीच बोलले नाहीत. पद्मजाबाईंनी त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. माहेरी आणि नणंदेला मात्र त्यांनी हीच हकीकत स्वतःच्या हाताने लिहून कळवली. नणंदेचं उत्तर आलं नाही. माहेरून भावाचं आलं, त्यात फक्त तब्येतीची चौकशी होती.