टाळ्या नकोत, कोयते आणा

एवारिस्तुच्या घराची मागची भिंत आणि निलगिरी-झुडपांचं रान यांच्यात चार पावलांचंही अंतर उरलं नव्हतं. वाल्देमार दर रविवारी बायकोसोबत या मेहुण्याकडे जेवायला यायचा आणि दर रविवारी तेच सांगायचा.

"एवारिस्तु, ही झुडपं काढ बाबा. कायदाही तेच सांगतो."

"काढतो हो दाजी. तुमचं सूप निवतंय, ते बघा आधी," एवारिस्तु हसायचा. "आणि लागलीच आग, तर तुम्ही आहातच की."

सगळं गाव असंच बोलायचं. सोइतेला हे पोर्तुगालच्या डोंगरातलं चाळीस घरांचं गाव, आणि वाल्देमार तेवीस वर्षं तिथल्या वणवा विझवणाऱ्या पथकात होता. खरं तर तो या नोकरीत आला होता डोंगरासाठी. रानडुकरं कुठल्या झऱ्यावर पाणी पितात, कुठल्या चेस्टनटच्या झाडाखाली पहिली अळंबी उगवते, सगळं त्याला ठाऊक. सुट्टीच्या दिवशी पाव आणि चीजचा तुकडा खिशात टाकून तो रान तुडवत फिरे. कचेरीत बसवलं असतं, तर आठवड्यात आजारी पडला असता.

जूनमधल्या एका मंगळवारी, भर वाऱ्यात, एवारिस्तुने ऑलिव्हच्या छाटलेल्या फांद्या पेटवल्या. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात असं जाळायला बंदी असल्याचं त्याला माहीत होतं. पाच मिनिटांचं तर काम, असं मनाशी म्हणत तो पाण्याची बादली आणायला वळला, तोवर ठिणगी झुडपात शिरली होती.

पथक नऊ तास झुंजलं. वाऱ्याने आग दुसऱ्या अंगाला नेली म्हणून घर वाचलं, पण चेस्टनटची राई गेली. एक जळता ओंडका उतारावरून गडगडत आला आणि पथकातली ओतिलिया त्याच्या वाटेत सापडली. तिचे दोन्ही पाय पोटरीपर्यंत भाजले.

शनिवारी दुपारी गावाने सभागृहात पथकाचा सत्कार ठेवला. सरपंचबाई वाल्देमारच्या गळ्यात पदक घालून "आपले वीर" म्हणाल्या आणि लोक उठून टाळ्या वाजवू लागले. वाल्देमार पुढे झाला.

"पुरे करा त्या टाळ्या," तो म्हणाला. "दर वसंतात झुडपं काढा म्हणून सांगायला मी तुमच्या दाराशी येतो, तेव्हा आतूनच सांगता, उद्या या. ओतिलियाला आता वर्षभर डोंगर चढायचा नाही. हे पदक मी तिला कुठल्या तोंडाने दाखवू? मी थकलोय. सोमवारी राजीनामा देतोय."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आग विझवणं त्यांचं कामच आहे ना?"

काठी टेकत फेलिस्मिना आजी उभी राहिली. चौऱ्याऐंशी वर्षांची ही म्हातारी एके काळी शेळ्या राखायची.

"विझवणं त्याचं काम. मग लागू न देणं कुणाचं रे? माझ्या शेळ्या डोंगर साफ ठेवायच्या. आम्ही बायका गोठ्यात अंथरायला झुडपं कापून आणायचो. शेळ्या गेल्या, गोठे गेले. झुडपं वाढायची थांबली का? सगळ्या गावाचं काम एका माणसाच्या गळ्यात बांधलंत, आणि वर त्याच गळ्यात पदक घालताय."

मग दाराशी उभा असलेला एवारिस्तु बोलू लागला.

"फांद्या मी पेटवल्या होत्या. सकाळी पोलिसांना सांगून आलो. तिथून इस्पितळात गेलो. वाटलं, ओतिलिया शिव्या घालेल. ती म्हणाली, 'घर वाचलं ना तुझं?'" डोळे पुसून तो म्हणाला, "दाजी, उद्या जेवायला येऊ नका. कोयता घेऊन या."

रविवारी सकाळी अकरा घरांतली माणसं आली. कुणाकडे कोयता, कुणाकडे गवत कापायचं मशीन. बाकीची एकोणतीस दारं बंदच राहिली, आणि ते पाहून वाल्देमारच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. पण संध्याकाळपर्यंत एवारिस्तुच्या घरामागे पन्नास पावलं मोकळी जमीन दिसू लागली. सोमवारी वाल्देमार राजीनामा न देता कामावर गेला, आणि जाताना त्याने एका बंद दाराची कडी जोरात वाजवली.

आपल्यासाठी आगीत उतरणाऱ्याला वीर म्हणायला आपल्याला काहीच मोजावं लागत नाही. पण त्याला आगीत उतरावंच लागू नये म्हणून आपण आपल्या भिंतीमागचं रान काढलं का? ते काढणं, हाच त्याचा खरा सत्कार!