कच्ची शिवण

धाकटीला लढतीआधी उलटी होते, ही गोष्ट साऱ्या घराला ठाऊक होती. म्हणून बॅगेत ग्लव्हजच्या शेजारी एक छोटी बादली असायची, आणि तिची कुणाला लाज वाटत नसे. रिंगणात उतरली की पोरगी कुणाच्या बापाला भीत नसे. उतरण्याआधीचा तास मात्र मोठा वैरी. अंगावर येणारा ठोसा निदान डोळ्यांना दिसतो. मनातला ठोसा कुठून येतो हे भल्याभल्या साधूंना उमगलं नाही, तिथे एकोणीस वर्षांच्या पोरीची काय कथा.

त्यावर तिच्या बापाकडे एक उपाय होता. बाप धंद्याने शिंपी. तरुणपणी मुष्टियुद्धात चार वेळा उतरला आणि चारही वेळा हरला. पुढे पोरींना शिकवायला लागला. लढतीआधी हातांना पट्टी बांधायचं काम तो कुणाला देत नसे. मनगटापासून सुरुवात, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक वेढा, मग हाडांवर घडी. पट्टीला एक सुरकुती पडत नसे. त्या बोटांखाली धाकटीचा श्वास हळूहळू खाली बसायचा. आणि उजव्या हाताचा शेवटचा वेढा पडला की बाप तिच्या कानाशी वाकून एकच वाक्य बोलायचा.

"प्रत्येकाची एक शिवण कच्ची असते," असं तो नेहमी म्हणे. कानातलं वाक्य त्या कच्च्या शिवणीचं. समोरचीचा गुडघा दुखरा आहे, किंवा ती घंटेआधी दम सोडते, असं काहीतरी. ते ऐकलं की पोरीच्या चेहऱ्यावर अशी शांती यायची, जणू समोरचीची किल्लीच हाती लागली. अशा नऊ लढती ती जिंकली होती. ही दहावी. जिंकणारी देशाच्या संघात जाणार, हरणारी घरी.

बाप पट्टीचं बंडल सोडतच होता, तेवढ्यात दार वाजलं. आयोजकांचा कारकून डोकं आत घालून म्हणाला, "समोरच्या कोपऱ्याकडून साक्षीदार आलाय. म्हणजे, आलीय."

नियमच तसा. पट्टीच्या आत कुणी काही कडक वस्तू लपवू नये म्हणून समोरच्यांचा एक माणूस बांधणी बघायला बसतो, शेवटी पट्टीवर सही करतो. तो कोण असावा हे समोरच्यांनी ठरवायचं. नाही म्हणता येत नाही.

आत आली ती थोरली. याच बापाची मोठी मुलगी, याच हातांनी घडवलेली. तीन वर्षांपूर्वी एका लढतीत तिचा डावा डोळा गेला. त्यानंतर महिन्याभरात बापाने तिला दुकानात मशीनवर बसवलं आणि तिचे ग्लव्हज धाकटीच्या हाताला बसतात का ते बघितलं. बसले. थोरलीने वर्षभर काज-बटण केलं आणि मग घर सोडलं. आता ती धाकटीच्या आजच्या प्रतिस्पर्धिणीला शिकवत होती. त्या मुलीची मान लांब, म्हणून तिला सगळे उंटीण म्हणत.

"बसू ना?" थोरलीने विचारलं.

"नियम आहे. बस."

"नियम नसता तर?"

बापाने पट्टी ताणली. थोरली बाकावर टेकली, उजवा डोळा हातांकडे येईल अशी तिरकी.

"काय गं, बादली आणलीस का?"

"आणलीय, ताई."

"पहिला हप्ता झाला?"

"मघाशीच." धाकटीला हसू आलं. लहानपणी तिला ओकारी आली की ताईच मागून केस धरायची. दोन वर्षांनी ताई समोर बसली होती, आणि आपण घाबरायचं की गळ्यात पडायचं हे तिला कळेना.

डावा हात झाला. उजवा सुरू झाला.

"बाबा, अंगठ्याला एक वेढा कमी पडला."

"मला शिकवू नकोस."

"तुम्हीच शिकवलंत."

बापाने मुकाट्याने एक वेढा वाढवला. शेवटची पट्टी चिकटवली आणि सवयीने पोरीच्या कानाशी वाकला.

"मोठ्याने बोला, बाबा," थोरली म्हणाली. "साक्षीदारासमोर कुजबुज चालत नाही."

असा काही नियम नव्हता. पण कारकुनाला जेवायची घाई होती, त्याने मान डोलावली. बाप सरळ झाला आणि म्हणाला, "उजवा मारला की तिचा डावा हात खाली येतो. हनुवटी उघडी पडते. दमली की हमखास. तेव्हा मार."

थोरली हसली. आईच्या वळणाचं, गोड हसली.

"अजून हाच कपडा विकता का? मला वाटलं, नवीन काही शिवलं असेल."

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"अगं, मलाही हनुवट्याच द्यायचे. चौथ्या लढतीत समोरचीच्या हनुवटीची वाट बघत उभी राहिले, तोवर हा डोळा गेला. रुग्णालयात विचारलं, बाबा, तुम्ही तिला कधी पाहिलं होतं? म्हणाले, नव्हतं पाहिलं, तू शांत व्हावीस म्हणून सांगितलं." तिचा आवाज मऊ होता, तापात कपाळावर हात ठेवल्यासारखा. "दुकान टाकून कोण कुणाला बघायला जातंय? साखरेची गोळी असते ती. गोड लागते, एवढंच."

धाकटी बापाकडे वळली. "बाबा?"

खोटं आहे म्हणावं, तर थोरली समोर बसलेली. बाप म्हणाला, "हिला पाहिलंय मी. दोन वेळा जाऊन पाहिलंय."

"आणि आधीच्या नऊ जणींना?"

बापाची बोटं तिच्या मनगटावर होती. नाडी कशी पळायला लागली, ते त्याला तिच्याआधी कळलं. त्याने हात काढून घेतला.

थोरलीने पेन काढलं, धाकटीच्या उजव्या मनगटावर पट्टीवर बारीक सही केली. "बांधणी चोख आहे," ती कारकुनाला म्हणाली आणि गेली. दार लागायच्या आत धाकटीने बादली ओढली.

पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसरीत उंटिणीने उजवा मारला, आणि तिचा डावा हात खाली आला. लांब मानेवरची हनुवटी ताटात वाढल्यासारखी समोर आली. कोपऱ्यातून बाप ओरडला, "आता." धाकटीचा हात निघाला आणि अर्ध्यात थांबला. साखरेची गोळी. ताईचा डोळा. तेवढ्यात समोरचा ठोसा नाकावर बसला.

तिसऱ्या फेरीत उंटीण दमली आणि तीनदा उघडी पडली. तिन्ही वेळा बाप ओरडला, तिन्ही वेळा धाकटीने हात तोंडाशी घेऊन मान खाली घातली. पंचांनी उंटिणीचा हात वर केला.

खोलीत बाप कापड कापायच्या कात्रीने पट्ट्या कापून काढत होता. धाकटीच्या नाकात कापूस होता.

"उघडी पडत होती," ती म्हणाली. "चारदा. मला दिसत होती."

बापाने पुढचा वेढा कापला. थोरली बर्फाची पिशवी घेऊन दारात आली होती.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"सहा महिने तिचा डावा हात फडक्याने गालाशी बांधून सराव करून घेतला," थोरली म्हणाली. "दमली की पडतोच. तिचा हात काही बांधला जाईना. मग तुझा बांधला."

"मी खरं सांगत होतो," बाप म्हणाला. कुणाला, ते त्यालाही माहीत नसावं.

"हो ना," थोरली म्हणाली. "या वेळी खरं होतं."

कात्री सहीतून पलीकडे गेली. धाकटीला परत उमासा आला. तिने तोंडावर हात धरून बादलीकडे बोट केलं. थोरलीने बर्फ बाकावर ठेवला, पायाने बादली पुढे सरकवली आणि मागून तिचे केस धरले, लहानपणी धरायची तसे, एकही बट न सुटू देता.