ठमाबाईंची खुर्ची

ऋतिकाचा उजवा घोटा सुनील सरांच्या संघातल्या मुलींनी पुन्हा एकदा पकडला, तेव्हा दीप्ती मॅडमनी दोष तिच्या गुडघ्यात शोधला.

मॅडम वरंधच्या बाजूच्या एका शाळेत खेळ शिकवतात. मुलींचा कबड्डी संघ त्यांचा, आणि त्या संघाची चढाई म्हणजे ऋतिका. समोरच्या संघात घुसायचं, हुलकावण्या द्यायच्या, एकदम वळून पाय मागे फेकायचा, कोपऱ्यातल्या मुलीला लाथेने स्पर्श करायचा आणि मध्यरेषा गाठायची. ही लाथ सगळ्यांसमोर चालायची. पोलादपूरच्या मुलींना तिने एका सामन्यात रडवलं होतं. फक्त महाडकडच्या सुनील सरांच्या संघासमोर ती चालत नव्हती. पाय मागे गेला की कोपऱ्यातली रेश्मा आधीच खाली बसलेली असायची आणि घोटा तिच्या दोन्ही हातांत.

तालुक्याचा अंतिम सामना शनिवारी याच संघाशी होता. जिल्ह्याच्या संघासाठी निवड करणारे तिथे बसणार होते.

"मॅडम, मला बसवणार का?" ऋतिकाने विचारलं.

"लाथ सुधारली तर नाही."

"आणि नाय सुधारली तर?"

"सलोनी जाईल चढाईला."

ऋतिका लगेच सरावाला उठली. सलोनी तिची मैत्रीण होती, पण एवढी नव्हती.

मॅडमनी आधीच्या सामन्यांचं चित्रीकरण मोबाइलवर संथ गतीने लावलं. गुडघा उशिरा वाकत होता. तो दुरुस्त केला. कंबर अर्धीच वळत होती, तीही पूर्ण वळवून घेतली. टेकलेल्या पायाची टाच उचलली जात होती, म्हणून टाचेखाली चिंचेचं पान ठेवून सराव झाला. पान हललं की मैदानाला फेरी. आठवडाभरात लाथ इतकी देखणी झाली की शाळेचे शिपाई रावजी घंटा द्यायचं विसरून बघत उभे राहिले. मग सुनील सरांच्या संघाशी सरावाचा सामना झाला आणि देखणी लाथ रेश्माच्या हातात जाऊन पडली.

या वेळी मॅडमनी ऋतिकाकडे बघणं सोडलं आणि रेश्माकडे बघितलं. चित्र थांबवत, पुढे सरकवत त्या एका जागी अडकल्या. ऋतिकाचा पाय अजून जमिनीवर होता आणि रेश्मा खाली झुकायला लागली होती. पाय उचलायच्या आधीच ती निघत होती. म्हणजे दोष पायात नव्हताच. रेश्माला कुणीतरी आधी कळवत होतं.

संथ गतीत माणसांचा आवाज म्हशीसारखा येतो, म्हणून मॅडम आवाज बंद ठेवून बघत. आता त्यांनी गती नेहमीची केली आणि आवाज पूर्ण सोडला.

"वढला गो, वढला सदरा! आता हाणतेय बघा लाथ!"

आवाज ऋतिकाच्या आत्याचा होता, ठमाबाईंचा. ऋतिकाचे आईवडील मुंबईला कामाला. पोर वाढली आत्याकडे, आणि आत्या एकही सामना चुकवत नसे.

मॅडमनी चित्र पुन्हा लावलं. लाथ मारताना जर्सी वर सरकते, म्हणून ऋतिका आधी उजवा हात पाठीमागे नेऊन ती खाली ओढत होती. समोरून हे दिसत नव्हतं. पाठीमागे बसलेल्याला स्वच्छ दिसत होतं.

"ही सवय कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"आत्यानंच लावली. म्हणते, खेळ किती पन खेळ, पाठ उघडी टाकू नको."

"पण आत्या तर नेहमी लांब झाडाखाली बसतात, बायकांमध्ये."

"सुनील सरांची म्याच असली की नाय. ते खुर्ची देतात. आमच्या बाजूच्या रेषेला, एकदम जवळ. चहा देतात, भजी देतात. आत्या म्हणते, मानूस लाख हाय."

मॅडमना मग आणखी एक गोष्ट आठवली. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की सुनील सरांच्या संघातली एक मुलगी ती खुर्ची उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेत असे. म्हणजे पुन्हा ऋतिकाच्या पाठीशी. विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं, "ऊन लागतं मावशींना."

ठमाबाईंना गप्प करायचा विचार मॅडमनी केला आणि सोडून दिला. त्यांचे यजमान तो बरीच वर्षं करत होते. मग जर्सी पिनेने चड्डीला अडकवली. जर्सी हलेना, पण हात जातच राहिला. सवय मोडायला महिना लागला असता आणि शनिवार परवावर आला होता.

"हात जाऊ दे मागे," शेवटी मॅडम म्हणाल्या. "पाय नको जाऊ दे."

"म्हंजे?"

मॅडमनी करून दाखवलं. ऋतिका आधी हसली, मग गंभीर झाली. "आत्याला सांगायचं?"

"अजिबात नाही."

शनिवारी महाडच्या मैदानावर खुर्ची तयार होती. "या मावशी, बसा," सुनील सर म्हणाले. ठमाबाई पदर सारखा करून बसल्या, भज्यांची बशी मांडीवर घेतली.

ऋतिका चढाईला गेली. दोन हुलकावण्या दिल्या आणि हात पाठीमागे नेला.

"वढला! हाणतेय बघा लाथ!"

रेश्मा बेडकीसारखी खाली बसली. पाय आलाच नाही. ऋतिकाने वाकून तिच्या खांद्यावर थापटलं आणि परत फिरली. पुढच्या चढाईत पुन्हा तसंच. रेश्मा मातीत, शेजारची तिच्यावर, आणि ऋतिका दोघींना हात लावून मध्यरेषेवर.

"अगो, लाथ कुठं हाय?" ठमाबाई खुर्चीतून उठल्या. "मी इकडं बोंबलतेय आनि तू हात लावून येतेस!"

मध्यंतरात सुनील सरांनी आपल्या मुलींना जवळ घेतलं. "त्या बाईकडे लक्ष द्यायचं नाही," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण मैदान लहान होतं आणि मॅडमचे कान तिकडेच होते.

बाजू बदलल्या. खुर्ची जागेवरच राहिली. ठमाबाई वाट बघून थकल्या.

"मानसं बदलतात गो. अर्धी म्याच झाली आनि खुर्ची न्यायला कोन नाय. चहा पन नाय इचारला."

"सलोनी," मॅडम म्हणाल्या, "आत्यांची खुर्ची पलीकडे ने. ऊन लागतंय त्यांना."

सामना बरोबरीत आला होता. शेवटची चढाई ऋतिकाची. निवड करणाऱ्यांपैकी एकाने मान पुढे काढली. ऋतिकाने हुलकावणी दिली, हात पाठीमागे नेला, आणि ठमाबाईंनी सगळा जीव घशात आणला.

"वढला गो सदरा! आता हाणतेय!"

रेश्मा ताठ उभी राहिली. उलट किंचित हसली. ऋतिकाची कंबर पूर्ण वळली, गुडघा वेळेवर वाकला, टाच जागची हलली नाही आणि लाथ रेश्माच्या मांडीला नीट बसली. ती मध्यरेषेवर पोचली तरी रेश्मा तशीच उभी होती.

जिल्ह्याच्या संघात ऋतिकाचं नाव आलं. सुनील सर हात मिळवायला आले. "मॅडम, ती लाथ कशी सुधारली?"

"टाचेखाली चिंचेचं पान ठेवून," मॅडम म्हणाल्या. ते खरंच होतं.

ठमाबाई मात्र दोन दिवस ऋतिकाशी बोलल्या नाहीत. "चार मानसांत मला खोटं पाडलंस," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या सामन्यांसाठी अलिबागची गाडी निघाली, तेव्हा सामानात घोट्याच्या पट्ट्या, गुडघ्यांची पॅडं आणि घडीची एक खुर्ची होती. ठमाबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"तिकडं चहा कोन देनार?" त्यांनी विचारलं.

"मी देईन," मॅडम म्हणाल्या. "भजी पण. तुम्ही फक्त नेहमीसारखं ओरडा."